न चोरलेले पंधरा घोडे

समोरून ट्रक येतोय, डावीकडे टँकर, आणि आमची व्हॅन मधोमध, पुढेच जाईना. चिंचोटीचा चढ. मांडीवर सहा महिन्यांची पोर, तापाने फणफणलेली, तिलाच डॉक्टरकडे नेत होतो. हे स्टिअरिंगवर बुक्क्या मारतायत, "ओढ ना! पंधरा घोडे जास्त आहेत तुझ्यात!" आणि मला माहीत होतं, एकही जास्त नाही. पॉवर वाढवायचा म्हणून लावलेला तो डबा रिकामा आहे. मेस्त्रीकाकांनी मला सांगूनच रिकामा केला होता.

मेस्त्रीकाका म्हणजे निर्मळच्या नाक्यावर गाड्या दुरुस्त करायचे ते. जाहिरात वाचायची त्यांची तऱ्हाच वेगळी. आकड्यावर अंगठा दाबून ठेवायचे आणि बाकीचं मोठ्याने वाचायचे. मग मला म्हणायचे, "बघ पोरी, आकडा झाकला तर काय उरलं? दुकानाचा पत्ता."

कशावर म्हणून विश्वास नाही. ऑइलचा डबा सीलबंद असला तरी उघडून दोन बोटांत चोळून बघायचे. मी चहा दिला तरी आधी विचारायचे, "साखर खरंच घातलीस?" मला हसू यायचं.

ह्यांनी मासिकात बघून तो डबा मागवला. बॅटरीला दोन वायरी जोडल्या की पंधरा हॉर्सपॉवर वाढणार, असं छापलेलं. काका म्हणाले, "कोनी मोजली? कुठल्या गाडीवर मोजली?" हे चिडले. मग काकांनी व्हॅनमध्ये केळीचे वीस लोंगर, अख्खे घड, भरायला लावले, देवळाकडच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी घातली, आणि जिथे तिचा दम तुटला तिथे रस्त्यावर चुन्याची रेघ मारली. मग डबा जोडला. तेच लोंगर, तोच चढ, तोच गिअर. गाडी रेघेवर आली आणि बसली.

हे म्हणतात, "केळी जड झाली असतील."

"अर्ध्या तासात?" काका म्हणाले.

तरी डबा राहिलाच. दोन दिवसांनी काकांनी मला हळूच बोलावून वायर दाखवली, वरचं प्लास्टिक वितळलेलं. "नुसता काढला तर तो परत लावनार. मी आतलं काढतो, वायर तोडतो, खोकं तसंच ठेवतो. गाडीत लेकरू बसतं. बोलू नको." मी मान हलवली. संध्याकाळी हे घरी आले तेच हसत, "बघितलंस, आता कशी पळते!" मी तोंडाला पदर लावला. तेव्हाच सांगायला हवं होतं. त्या पळण्याच्या भरवशावरच ह्यांनी चढावर टँकरला ओव्हरटेक केलं ना.

टँकरवाल्याने ब्रेक मारला म्हणून आत घुसता आलं, नाहीतर आज हे लिहायला मी नसते.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी डबा उघडला आणि तसेच नाक्यावर गेले. मी पोरीला कडेवर घेऊन मागे धावले. हे ओरडले, "माझी पॉवर काढून घेतलीत! अजून कोणाकोणाला माहीत होतं?"

काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "कोनाला नाय. माझं मीच केलं."

त्यानंतर आमची व्हॅन त्यांच्याकडे कधी गेली नाही. दुसऱ्या वर्षी काका वारले. अंगणात मयत ठेवलेलं, आणि हे बाजूच्या माणसाला सांगत होते, "म्हातारा चांगला, पण माझे पंधरा घोडे चोरले." तो हसला. मी तिथेच उभी. तोंड उघडलं असतं तर ह्यांनी एकच विचारलं असतं, माहीत असून पोरीला घेऊन गाडीत बसलीस कशी? तुम्ही बोलला असता का हो?