सासूबाईंचा भ

जर्मनीत ब्राउनश्वाइगला आमच्या खालच्या मजल्यावर एक बाई राहतात. त्या युनिव्हर्सिटीत ध्वनिशास्त्र शिकवतात. व्यंजनं म्हणताना गळ्यातलं स्वरयंत्र वर-खाली कसं सरकतं, यावर त्यांचं काम चाललं होतं आणि त्यांना मराठी बोलणारं कुणीतरी हवं होतं. "आमच्याकडे भ नाहीच ना," त्या मला जिन्यात म्हणाल्या. मी स्वतः जाणार होते, पण मग सासूबाई आठवल्या.

सासूबाई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. साताऱ्यात सगळी नोकरी त्यांनी पहिलीच्या वर्गावर केलेली. इथे मात्र दिवसभर त्यांचं ऐकायला कुणी नसायचं. आम्ही दोघं ऑफिसात, आणि सात वर्षांची लेक शाळेतून आली की आजीच्या प्रत्येक प्रश्नाला जर्मनमध्ये उत्तर द्यायची.

"अहो आई, याल का?"

"माझा गळा कशाला तपासायचा? मला काय झालंय?"

"काही नाही हो. त्यांना तुमचा भ बघायचाय."

शनिवारी लेकीला घेऊन आम्ही तिघी युनिव्हर्सिटीत गेलो. बाईंनी सासूबाईंच्या गळ्याला जेल लावून सोनोग्राफीचा प्रोब टेकवला आणि हातात कागद दिला. 'मी बार म्हणते. मी भार म्हणते.' प्रत्येक वाक्य दहा वेळा. तिसऱ्या वाक्याला सासूबाई थांबल्या.

"ही वाक्यं लिहिली कुणी? यात काही अर्थच नाही!"

मी जर्मनमध्ये सांगितलं. बाई खळखळून हसल्या. "गेनाऊ! अगदी बरोबर, अर्थ नकोच आहे."

पडद्यावर स्वरयंत्राची एक पांढुरकी रेघ होती. ब आला की ती किंचित खाली जायची, प ला तशी जात नव्हती. बाई म्हणाल्या, ओठ मिटलेले असताना गळ्यातला आवाज चालू ठेवायचा, तर हवेला आत जागा लागते. म्हणून स्वरयंत्र खाली सरकतं. भ मध्ये त्याच्या जोडीला श्वासही सुटतो.

"महाप्राण," सासूबाई म्हणाल्या. "मी मुलांना तोंडासमोर तळहात धरायला लावायचे. यांनाही सांग."

बाईंनी तळहात धरला. "ब-हात."

"श्वास मागून नाही, आवाजाबरोबरच. पुन्हा."

किती दिवसांनी त्यांचा असा वर्गातला आवाज ऐकला! पाठ ताठ, डोळ्यांत चमक. बाई पाच-सहा वेळा निमूटपणे म्हणत राहिल्या.

तेवढ्यात माझी लेक उठली. तिनं आजीच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली. "आजी, नोख माल!" म्हणजे पुन्हा एकदा.

"भात," आजी म्हणाल्या.

लेकीनं दुसरा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "बात." मग जरा थांबून, "भात."

किंडरगार्टनपासून ती बातच म्हणायची आणि मी सुधारायचं केव्हाच सोडून दिलं होतं. सासूबाईंनी तिचा पापा घेतला, गळ्यावरच्या जेलसकट.

त्यानंतर दर रविवारी खालच्या बाई केक घेऊन वर यायच्या. स्वयंपाकघरात सासूबाई, त्या आणि माझी लेक घ, झ, ढ, ध, भ घोकत बसायच्या आणि एकमेकींच्या गळ्याला हात लावून खिदळायच्या. झ अजून दोघींनाही नीट जमत नाही. पण एका दुपारी लेक शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "आजी, इश हाबे भूक."

सासूबाईंनी बाकीचं जर्मन सोडून दिलं आणि खुशीत ताट वाढायला उठल्या.