यास्मिनची तिसरी टाकी

पाहुणा 'नको, नको' म्हणत असताना त्याच्या ताटात आणखी एक कळण्याची भाकर टाकल्याशिवाय तुम्हाला राहवतं का? नाही ना? मग नरडाण्याजवळ रुपचंदभाऊंच्या हॅचरीत दोन टाक्या माशांची पिल्लं कशी मेली, ते तुम्हीच ऐका.

तिथे यास्मिन काम करते. शिंदखेड्याची, चाळिशीची. आधी दोन वर्षं कोकणात जिताड्याच्या हॅचरीत होती. समुद्रातल्या माशांची अंडी, पिल्लं जिवाणूंनी दिवसभरात कशी सडतात, हे तिनं तिथे डोळ्यांनी पाहिलं. इथे रोहू-कटला, पाणी गोडं. पण जिवाणूंची खोड तीच.

तीन दिवसांच्या पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा बलक द्यायचा, कपड्यातून गाळून, चिमूटभर. रुपचंदभाऊ वाटीभर ओतायचे.

"पिलं उपाशी शेतस!"

"भाऊ, हे लग्नाचं जेवण नाही. उरलेलं सडतं, त्यावर जिवाणू पोसतात."

"तू माले शिकाडी ऱ्हायनी का?"

पहिली टाकी गेली. शेपट्या झडलेल्या. भाऊंनी मेडिकलमधून माणसांच्या अँटिबायोटिक गोळ्या आणल्या, कुटून दुसऱ्या टाकीत ओतल्या, आणि पहिल्या टाकीची जाळी तशीच तिच्यात बुडवली! जाळीला चिकटलेले जिवाणू तिकडे पोचले, गोळ्या काही कामी आल्या नाहीत, दुसरीही गेली. मग मला, त्यांच्या जुन्या मित्राला, फोन, "बठ्ठा मरी ग्यात! पाणीच खराब शे." अहो, पाण्याचा काय दोष?

राहिली तिसरी टाकी. तीन गावांच्या तळ्यांत सोडायचं यंदाचं शेवटचं मत्स्यबीज त्यात. यास्मिननं नवी जाळी आणली, तळाचा गाळ नळीनं ओढून काढला, ताजं पाणी सुरू ठेवलं. भाऊ गोळ्या घेऊन आले, तर ही बाई टाकीच्या कठड्यावर बसली.

"आधी मला टाका पाण्यात, मग गोळ्या."

"बस मग! मेली तर तुझ्या माथी." गोळ्या खिशात कोंबून भाऊ निघून गेले.

पाच दिवसांनी मी गेलो. पिल्लं बारीक काळ्या रेघांसारखी पळत होती. सगळी नाही वाचली, पण तिन्ही तळ्यांना पुरतील इतकी होती. तेवढ्यात भाऊ आले. हातात वाटी!

"थोडंसं देऊ दे ना, यास्मिन. आता बरी शेतस ना ती."

काय बोलायचं या माणसाला! यास्मिननं वाटी काढून घेतली.

तुमच्या नात्यात, ओळखीत कुणाची हॅचरी असेल तर आजच जा. प्रत्येक टाकीला वेगळी जाळी आहे का, स्वतः बघा. आणि मालकाच्या हातात वाटी दिसली, तर तेवढी हिसकावून घ्या.