पाठीतलं पाणी आणि राहात्याची सत्यशीला

राहात्याच्या पेठेत सत्यशीलाचं ब्युटी पार्लर होतं आणि तिच्या जिभेला लगाम नव्हता. भुवया कोरता कोरता ती गिऱ्हाइकाच्या सासूचीही हजामत करायची. बायका दुहेरी खूश होऊन जायच्या.

एका लग्नाच्या सकाळी तिचा उजवा डोळा ठणकत होता. तरी मोनिका नावाच्या नवरीला सजवायला ती बसलीच. लाल लिपस्टिक काही केल्या उठेना, म्हणून तिनं थरावर थर चढवले. आरसा बघून नवरी किंचाळली, "ताई, हे ओठ हायेत का अपघात?"

सत्यशीलानं आळीपाळीनं डोळे झाकून पाहिलं. डाव्यानं ओठ लालभडक दिसत होते, उजव्यानं विटलेले, धुक्यातले. ओठ पुसून तिनं नवरी नीट सजवली आणि अक्षता पडायच्या आधीच डॉक्टर गाठला. तिथून तिला नाशिकला पाठवलं.

नाशिकला मेंदूच्या फोटोत पांढरे ठिपके निघाले. डॉक्टर धनश्री म्हणाल्या, "हा मल्टिपल स्क्लेरोसिस दिसतोय. शरीराची राखण करणाऱ्या पेशीच मज्जातंतूंवरचं आवरण खातात."

"म्हणजे घरचेच वैरी," सत्यशीला म्हणाली. "सवय हाय."

शेजारी बसलेला तिचा नवरा गहिनीनाथ छताकडं बघू लागला.

आजार पुढं कसा चालेल याचा अंदाज घ्यायला पाठीच्या कण्यातलं थोडं पाणी तपासायचं होतं. घरी हे कळताच सासूनं, गोजरबाईनं, डोक्याला हात लावला. "पाठीत सुई घातली की मानूस कायमचं आडवं व्हतंय!"

"मग तुमच्या लेकाला कुनी घातली हुती, आत्याबाई?"

तिचे बन्सीमामा तर तिची पत्रिकाच ज्योतिषाला दाखवून आले. राहू वक्री होता म्हणे. "मामा, राहू डोक्यात आसता तर फोटोत दिसला आसता," म्हणून सत्यशीलानं त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

नाशिकच्या दवाखान्यात पोटाशी गुडघे घेऊन ती कुशीवर वळली. सुई टोचली तेव्हा तिनं गहिनीनाथचा हात असा दाबला की ओरडला तोच. नळीत उतरलेलं पाणी नितळ होतं. "अगं बया! माझ्यात येवढं सोच्छ काय हुतं?" नर्ससुद्धा हसली.

पुढं काही दिवस उठून बसलं की डोकं फुटायचं. ती आडवी पडून राहिली आणि गोजरबाई येणाऱ्याजाणाऱ्याला "मी सांगितलं हुतं" ऐकवत राहिली.

अहवाल आला. पाण्यात आजाराच्या खुणा होत्याच, शिवाय मज्जातंतूंची मोडतोड झाली की त्यात उतरणारं एक प्रथिनही बरंच वाढलेलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, "आजार पुन्हा उसळायची शक्यता जास्त आहे. मी ज्योतिषी नाही, चुकूही शकते. पण औषध आत्ताच, जोरकस सुरू करावं असं मला वाटतं."

"थोडं थांबून बघू की," गहिनीनाथ पुटपुटला. "डोळा तर सुधारतोय."

सत्यशीलाला स्वतःचे हात दिसत होते, भुवयांवर दोरा धरणारे. ते थरथरायला लागले तर? ती म्हणाली, "तुमी थांबा. तुमाला कुटं जायचंय? मला जायचंय. म्याडम, करा सुरू."

मग दर सहा महिन्यांनी एकदा सलाइनमधून औषध घ्यायचं ठरलं. वर्षानं काढलेल्या फोटोत नवा ठिपका नव्हता. "आत्ता शांत आहे," धनश्री म्हणाल्या, "कायमचं वचन देत नाही."

"वचन तर लग्नातबी दिलं हुतं," सत्यशीला म्हणाली. गहिनीनाथनं पुन्हा छताकडं पाहिलं.

डॉक्टरांनी गाडी चालवायलाही हरकत नाही म्हटलं. आजारपणात गहिनीनाथनं तिच्या स्कूटीची चावी लपवून ठेवली होती. घरी येताच तिनं ती तांदळाच्या डब्यातून शोधून काढली, गोजरबाईला मागं बसवलं आणि गाडी शिर्डीच्या रस्त्याला घातली.

"हळू चालीव गं, भवाने!" सासू ओरडत होती.

"घट्ट धरा, आत्याबाई," म्हणत सत्यशीलानं उसाचा ट्रॅक्टर मागं टाकला.