सविताचा इंटरव्ह्यू आणि पडद्याखालचे पाय

चहा पिताय ना? मग कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगताना एकाचा चहा नाकातून आला, आणि डाग पडला माझ्या शर्टावर.

माझं भोपाळात बिट्टन मार्केटजवळ दुकान आहे. कूलरच्या, पंख्याच्या जळलेल्या मोटारी बांधायच्या, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळायची. चाळीस वर्षं तेच. शाळेत दोन वर्षं गेलो, मग मास्तर कंटाळले. सही येते. दुकानाची पाटीपण वाचता येते, कारण तिच्यावर काय लिहिलंय ते मला आधीच माहीत आहे.

घर कोटऱ्यात. शेजारी कुमुदताई. पॉलिटेक्निकमध्ये शिकवायच्या, आता रिटायर झाल्या. पण शिकवल्याशिवाय त्यांना करमत नाही. म्हणून होस्टेलच्या मुलींना घरी बोलावतात. कोणी मंडल्याची, कोणी बैतूलकडची. प्रत्येकीच्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेली ती पहिलीच. अभ्यास पक्का हो सगळ्यांचा! पण नोकरीच्या इंटरव्ह्यूला समोर साहेब दिसला की तोंडाला कुलूप.

त्यात सविता उइके सगळ्यात हुशार आणि तिचंच कुलूप सगळ्यात मोठं. दोन इंटरव्ह्यू गेले, दोन्हीत नुसता पंखा बघत बसली. तिसरा आला, कारखान्याचे कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या कंपनीचा. तेवढ्यात बापाचा फोन. या वेळी नाही झालं, तर सामान उचल आणि घरी ये.

आदल्या दिवशी ताई दुकानात आल्या.

"बापूराव, कूलर खडखडतोय. उद्या अकराला सविताचा कंप्यूटरवर इंटरव्ह्यू आहे. दहाला या, दुरुस्त करा. आणि पावणेअकरानंतर तुम्ही मला घरात दिसायला नकोत."

"अहो ताई, मी काय करतो?"

"हळदीकुंकवाला प्लास्टिकची पाल कोणी सोडली होती?"

मी पाना शोधायला लागलो.

तर दुसऱ्या दिवशी कूलर झाला. ताई स्वयंपाकघरात. माझं वय अडुसष्ट. या वयात माणसाच्या डोक्यात काय यावं? देवाधर्माचं यावं. माझ्या डोक्यात आलं, गॅलरीच्या पडद्यामागे लपू, ताई आल्या की 'भॉ' करू आणि मग जाऊ. ताई म्हणाल्या होत्या, दिसायला नको. मी दिसत नव्हतो!

पावलं वाजली. मी श्वास रोखला. खुर्ची सरकली. आणि आवाज आला, "गुड मॉर्निंग सर. गुड मॉर्निंग मॅडम."

अकरा कुठले वाजायला! कंपनीवाल्यांनी पंधरा मिनिटं आधीच चालू केलं होतं. आता बाहेर पडावं तर पोरगी बिथरणार. म्हटलं, अर्धा तास उभे राहू, त्यात काय?

पण कूलर मी स्वतः दुरुस्त केला होता ना! असा वारा मारायला लागला की पडदा फुगतो, खाली बसतो, फुगतो, खाली बसतो. सविताची पाठ माझ्याकडे, तिला काय कळणार? कंप्यूटरमधल्या साहेबांना मात्र सवाल विचारता विचारता पंधरा मिनिटं तेच दिसत होतं. (तिकडे बोलणं हिंदीत चाललं होतं, मी आपल्या भाषेत सांगतो.)

"बेटा, खोलीत आणखी कोणी आहे?"

"कोणी नाही सर."

"जरा लॅपटॉप फिरवून खोली दाखवा."

बिचारीने फिरवला. भिंत दाखवली, कपाट दाखवलं, कूलर दाखवला. मग पडदा. ताईंनी तो पडदा इतक्या वेळा धुतलाय की आकसून वीतभर वर गेलाय. त्याखाली माझे पाय. ग्रीसवाले.

"ये पैर किसके हैं?"

सविता वळली, आणि अशी किंचाळली की पडद्यामागे मीच दचकलो.

बाहेर आलो. काय करणार? साहेब चष्म्यातून बघतायत, शेजारी एक मॅडम लिहितायत.

"आप कौन?"

"कोई नहीं, सर."

आता विचार करा! ती म्हणाली कोणी नाही, मीपण म्हणालो कोणी नाही. आधीच ठरवून आल्यासारखं!

मॅडम म्हणाल्या, "मागून उत्तरं सांगत होतात?"

"मॅडम, मला वाचता येत नाही. मी हिला काय सांगणार?"

"मग लपलात कशाला?"

"ताईंना भॉ करायला."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. सविताच्या डोळ्यांत पाणी. मी घाईघाईने म्हटलं, "साधा मेकॅनिक आहे हो मी. मोटारी बांधतो."

बस, संशय पक्का! तिला सगळे सवाल मोटारीवरच विचारले होते.

साहेब म्हणाले, "अच्छा! मोटर का काम करते हैं? तो आप ही बताइए. कारखान्याची तीन फेजची मोटार आहे. बटण दाबलं, नुसती गुणगुणते, फिरत नाही. काय झालं असेल?"

मला दिसत होतं हो सगळं. 'माहीत नाही' म्हटलं की पोरगी सुटली. दोन शब्द! पण चाळीस वर्षांत कुठल्या साहेबाने मला सवाल विचारला होता? मी छाती काढली.

"कंडेन्सर गेला, साहेब! नवा टाका, पळायला लागेल!"

आणि मग सविता, जी दोन इंटरव्ह्यूत पंखा बघत बसली होती, ती म्हणाली, "काका, कायपण काय सांगता?"

"काय चुकलं?"

"कंडेन्सर लागतो कूलरच्या मोटारीला, सुरुवातीचा धक्का द्यायला. ती घरच्या लाइनीवर चालते. तीन फेजच्या मोटारीला तो असतो कुठे?"

"अगं पोरी, भोपाळच्या अर्ध्या मोटारी माझ्या हातून गेल्यात!"

"त्या सगळ्या कूलरच्या! इथे एक फेज गेलाय. दोनच फेज मिळाले की गुणगुणते, फिरत नाही. आधी फ्यूज बघायचे, मग तिन्ही तारांवर वीज येते का ते बघायचं. आणि तसंच चालू ठेवलं तर जळते."

"जळली तर मी बांधून देतो!"

"काका!"

तिने कागद ओढला, चित्र काढलं, माझ्या नाकासमोर धरलं. मी म्हटलं, उलटा धरलायस. ती म्हणाली, सुलटाच आहे, तुम्हाला कळत नाहीये. दहा मिनिटं आम्ही भांडलो. साहेब आहेत, मॅडम आहेत, बापाचा फोन आहे, काही म्हणजे काही तिच्या ध्यानात नाही. शेवटी साहेब खोकले. तेवढ्यात दूध आणायला बाहेर गेलेल्या ताई आत आल्या. मला बघितलं. आणि मी भॉ न करताच जागच्या जागी दचकल्या.

पुढचे चार दिवस ताईंच्या घरासमोरून मी गेलो नाही. दुकानाला मागच्या गल्लीतून जायचो.

पाचव्या दिवशी सविता पेढे घेऊन दुकानात आली. नोकरी लागली! पाया पडली, रडली, हसली. मी विचारलं, "आणि कॉपी केल्याचा संशय?"

"साहेब ताईंना म्हणाले, मागून उत्तरं सांगणाऱ्याला आधी काहीतरी यावं लागतं."

पेढा घशात अडकला माझ्या. तरी खाल्ला.

पण किस्सा इथे संपत नाही. आता दर रविवारी ताई मला घरी बोलावतात. मुलींच्या समोर खुर्चीत बसवतात, कडक इस्त्रीचा शर्ट घालायला लावतात. एकेक सवाल घेतात, उत्तर आधी मी द्यायचं, मग मुलींनी माझ्याशी भांडायचं. सगळ्यांची कुलपं उघडायला लागलीत. परवा तर मंडल्याच्या एका पोरीने मला टेबल आपटून गप्प बसवलं.

ताई खूश. परवा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बापूराव, काय सोंग घेता हो! इतक्या आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर द्यायचं म्हणजे सोपं नाही."

मी मान डोलावली. आता त्यांना कोणत्या तोंडाने सांगू, की मी दर वेळी बरोबरच उत्तर देतोय?