वरच्या टोल्याचा खांब

खुशाल रामटेके गुरुजींना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्यांनी दरेकसा स्टेशनात एक अख्खी पॅसेंजर गाडी रोखून धरली होती. गार्डचं म्हणणं पडेल की गाडी तिथे नेहमीच दोन मिनिटं थांबते. पण त्या दोन मिनिटांत गुरुजींनी माझ्या अंदाजाने चौदाशे प्रवासी, तीन शेळ्या आणि इंजिनाचा ड्रायव्हर एवढ्यांची चौकशी उरकली होती. हातात वही, कानावर पेन्सिल, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न, "कायसाठी उतरून राहिले जी? लग्न, लाकूड, का नोकरी?"

मी म्हणालो, नोकरी. इथून चार किलोमीटरवरच्या शाळेत रुजू व्हायचंय.

त्यांनी माझ्याकडे, हरवलेली म्हैस घरी आल्यावर बघतात तसं बघितलं. "दोन महिन्यांपासून नोकरीचा खांब निरंक होता," ते म्हणाले आणि माझ्या नावाने एक रेघ ओढली. मग कळलं की ती शाळा त्यांचीच. आम्ही दोघे मिळून पहिली ते पाचवी.

खांब म्हणजे स्तंभालेखातला स्तंभ. पुस्तकातला शब्द पोरांच्या तोंडात बसत नव्हता, म्हणून गुरुजींनी त्याचा खांब केला, आणि मग त्या खांबांनी शाळा व्यापून टाकली. कोणाच्या घरी किती कोंबड्या, कोणत्या वारी किती पोरं गैरहजर, जेवणात कोणत्या दिवशी कोणती डाळ, सगळ्याचे खांब. फुलचूरच्या राहत्या घरीही त्यांनी सोडलं नाही. महिन्यात वांग्याची भाजी किती वेळा झाली याचा आलेख त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला. त्यांच्या पत्नी रंजिताताईंनी तो नीट वाचला, आणि पुढचे आठ दिवस सलग वांगी केली. "खांब बुटका दिसून राहिला होता," त्या म्हणाल्या.

पण शिकवायला बसला की हा माणूस धीराचा. फळ्यावर एक आकडा लिहायच्या आधी पोरांना मोजायला लावायचा. खडे, बिया, काड्या मांडून झाल्या की मगच रेघा. पाठ केलेलं उत्तर त्यांना चालत नसे. "पुस्तक काय म्हणते ते मले माहीत आहे. तू काय मोजलं ते सांग."

या मोजण्याच्या वेडातून ते प्रकरण उभं राहिलं.

गावात दोन टोले, म्हणजे दोन वस्त्या. खालचा टोला नाल्याजवळ, वरचा टोला टेकडीवर. दोन्हीकडे वीस-वीस घरं. हापशी एकच, आणि ती खाली. ग्रामपंचायतीला एक नवीन बोअर मंजूर झाली होती आणि ती कोणत्या टोल्यात खोदायची हे सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठरायचं होतं. वरच्या टोल्यातल्या कलाबाई आमच्या शाळेत जेवण शिजवायच्या. सकाळी हापशीवरून डोक्यावर गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, घेऊन टेकडी चढायच्या, घरचं पाणी भरायच्या आणि मग शाळेच्या चुलीशी यायच्या. पन्नाशी उलटली होती आणि गुडघे त्यांच्या आधी साठीत पोचले होते. बोअर वर झाली तर त्यांचा चढ संपणार होता.

गुरुजींना यात उपक्रम दिसला. पाचवीची सात पोरं सहा दिवस पाळीपाळीने हापशीवर बसली आणि कोणत्या टोल्याचे किती गुंड भरले ते त्यांनी मोजलं. रोजची सरासरी निघाली, खालचा टोला शंभर गुंड, वरचा टोला साठ. शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर खडूचे चौकोन आखले, एक चौकोन म्हणजे दहा गुंड, आणि गेरूने खांब रंगवायचं काम खुशबू आणि लोकेश या दोघांकडे दिलं. गुरुजी नेमके त्याच दोन दिवसांत केंद्रावर प्रशिक्षणाला गेले होते आणि मी आत पाचही वर्ग सांभाळत होतो. प्रशिक्षणाचा विषय गणितच होता.

ग्रामसभा शाळेच्या अंगणात भरली. झेंडावंदन झालं, पोरांना जिलेबी मिळाली, आणि सरपंच गुलाबचंद भाऊंनी भिंतीकडे पाहून चष्मा पुसला.

"कोणता खांब उंच आहे बे?"

"वरच्या टोल्याचा," सगळे म्हणाले. होताच तो उंच, एका चौकोनाने.

"मंग बोअर वर. लिहा ठरावात."

कलाबाईंनी पदराने तोंड पुसलं. गुरुजी मात्र भिंतीकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू गेरूच्या रंगाचा होत चालला होता. वरच्या टोल्याचा खांब जमिनीच्या रेघेपासून निघालाच नव्हता. तो पाच चौकोन वरून सुरू झाला होता.

"खुशबू," ते म्हणाले, "हा खांब अधांतरी काऊन?"

"अधांतरी नाही गुरुजी. वरचा टोला वर आहे ना. वरच्या बांधीतलं धान वरच्या बांधीतूनच उभं राहते. खालच्या बांधीत कसं लावू?"

ज्या गावात भाताची प्रत्येक बांधी शेजारच्या बांधीहून हातभर वर किंवा खाली असते, तिथे याहून बिनतोड उत्तर नाही. लोकेशने मान डोलावली. सभेतल्या निम्म्या शेतकऱ्यांनीही डोलावली.

आता गुरुजी गप्प बसले असते तर काही बिघडत नव्हतं. मी त्यांच्या शर्टाची बाही ओढलीही. पण ते उठले, सगळे खांब एकाच रेघेवरून निघाले पाहिजेत हे त्यांनी सभेला समजावलं, आणि खडूने खरा खांब काढून दाखवला. वरचा टोला सहा, खालचा टोला दहा. खालच्या टोल्यात टाळ्या पडल्या. गुलाबचंद भाऊंनी ठराव खोडला.

कलाबाई उभ्या राहिल्या. "गुरुजी, माह्या हातचा भात गोड लागते ना तुमाले?"

"लागते ना, कलाबाई."

"उद्यापासून या खांबालेच सांगा शिजवाले."

"पण आकडा खोटा कसा सांगू?"

"खोटा कायले सांगता? आमी साठच भरतो. शंभर कोण भरन? एका गुंडाले माहा अर्धा तास जाते. खालची बाई अंगणातून उठते न् गुंड भरून परत पोरगं पाजाले बसते. तुमच्या खांबात तो चढाव कोठी हाये? आमी कमी पितो म्हणून आमालेच नाही, हा कोणता हिशोब?"

खालच्या टोल्यातला भुपेंद्र म्हणाला, "मावशी, गणितात भावना नाही चालत."

"तू चाल मंग. गुंड देतो."

सभा हसली. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि वहीत 'चढाव' असं लिहिलं. मग म्हणाले, "सरपंच साहेब, आठ दिवस द्या. आम्ही चुकीची गोष्ट बरोबर मोजली."

गुलाबचंद भाऊंना आठ दिवस द्यायला काहीच हरकत नव्हती. कुठल्याही गोष्टीला आठ दिवस देणं त्यांना आवडायचं. सभा तहकूब झाली.

दुसऱ्या दिवशी कलाबाई आल्या. भात शिजवला, पण गुरुजींचं ताट आपटून ठेवलं. पोरांनी या वेळी पावलं मोजली, घरापासून हापशी आणि भरलेला गुंड घेऊन परत. खालच्या टोल्यातून सरासरी चाळीस पावलं, वरच्या टोल्यातून सहाशे वीस. लोकेशने एक चौकोन म्हणजे दहा पावलं धरून रंगवायला घेतलं. भिंत संपली तेव्हा तो शिडी लावून छपराच्या कवेलूंवर चढत होता. गुरुजींनी त्याला खाली उतरवलं आणि आनंदाने हात चोळत वर्गाला प्रमाण शिकवलं. एक चौकोन म्हणजे पन्नास पावलं. खाली एक चौकोनही भरला नाही. वर बारा भरून थोडा उरला. दोन्ही खांब एकाच रेघेवरून निघाले होते. खुशबूने ती रेघ सुतळी ताणून दोनदा तपासली.

दुसऱ्या सभेत गुलाबचंद भाऊंनी खांबाकडे न बघता आधी खालची रेघ बघितली. ठराव झाला. भुपेंद्रने विरोधात हात वर केला आणि त्याच्या बायकोने तो खाली ओढला. त्या दुपारी गुरुजींच्या ताटात डाळ दोनदा पडली.

मार्चमध्ये बोअरची गाडी टेकडीवर चढली. तीनशे फूट खोदलं. पांढरी भुकटी निघाली, पाणी लागलं नाही. कलाबाई अजून खालच्याच हापशीवरून पाणी आणतात.