गिरणी पांघरून माधवनगर सोडताना

सांगलीला जायचं मी ठरवलंच नव्हतं. ते ठरवलं आमच्या शेजारच्या सुभेदारकाकूंनी. मी आपला गच्चीवर मोटारसायकलची काढून आणलेली चेन साफ करत बसलो होतो आणि कुठंतरी जायला पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. कॉलेज सुटल्यापासून हे माझं नेहमीचंच.

काकू खालून ओरडल्या, "आरं ए, रिकामाच फिरतोस, तर माझं एक काम घेऊन फिर की!"

काम असं होतं. काकूंच्या बहिणीकडं सांगलीत एक वाकळ आहे. वाकळ म्हणजे आमच्याकडची गोधडी, जुन्या लुगड्यांची. पण हिच्यावर ठिगळांतून गणपतीचं देऊळ उभं केलंय, नदीवरचा पूल केलाय, घाट केलाय. सांगलीजवळच्या माधवनगरच्या हलीमाचाची फोटो बघून अशा वाकळा शिवतात. काकूंना तशीच एक आमच्या साताऱ्याची हवी होती, नागपूरला दिलेल्या लेकीसाठी. तर जुन्या साड्यांचं एक गाठोडं, सोबत राजवाडा, चार भिंतींचं स्मारक आणि अजिंक्यतारा किल्ल्याचे फोटो, आणि चाचीसाठी कंदी पेढे. एवढं सगळं मागच्या सीटवर दोरीनं बांधलं आणि निघालो.

निघालो तो पुण्याच्या दिशेनं. म्हणजे बरोबर उलटा. म्हटलं, फोटो द्यायचेच आहेत तर लिंबची बारा मोटेची विहीरही देऊ. तुम्ही कधी गेला नसाल तर जरूर जा, महामार्गापासून आत थोडंच आहे. पायऱ्या उतरताना मात्र जपून, शेवाळ असतं. जानेवारीत खाली चांगलाच गारठा होता, आणि आपलाच आवाज वर जाऊन परत यायचा आणि परका वाटायचा. तिथं मी उगाच दुपारपर्यंत बसलो. कोणीच नव्हतं. पाण्यावर एक चप्पल तरंगत होती, लहान मुलाची.

पुढं कराडला मिसळ खाल्ली, नव्वद रुपये, रस्सा मागाल तेवढा. पेठ नाक्यावरून आत वळलात की घाई करू नका. सांगलीचा हा रस्ता कुठं झालाय, कुठं होतोय, आणि गाळपाचे दिवस असले की उसाच्या ट्रॉल्या पुढं असतातच. दोन-दोन जोडलेल्या, मागं दिवा नाही. अंधार पडायच्या आत पोचायचं, हा माझा एकमेव सल्ला. आष्ट्याच्या पुढं सगळीकडं पाचट पेटवलेलं होतं. धुरात सूर्य तांबडा होऊन लटकला होता, आणि हवेत मळीचा वास. सांगलीत शिरलो तेव्हा डोळे चुरचुरत होते. बसस्टँडजवळ लॉज मिळालं, साडेचारशेत. चादर बघून घ्या.

सकाळी माधवनगर. इथं कापडाच्या गिरण्या होत्या हे मला शाळेत कोणी सांगितलं असेल तर मी तेव्हा खिडकीबाहेर बघत असणार. चाचींचं घर विचारत गेलो तर एका बंद गिरणीच्या मागं कामगारांची बैठी चाळ निघाली. बहुतेक दारांना कुलपं होती. काही दारं तर काढूनच नेलेली, नुसत्या चौकटी उभ्या. चाळ पाडणार होते. उरलेल्यांना महिनाअखेरपर्यंत सोडायची होती.

हलीमाचाची जमिनीवर पसरलेल्या वाकळेच्या मधोमध बसल्या होत्या. बसल्या म्हणजे, त्या वाकळेवर बसूनच शिवतात, आणि शिवत-शिवत सरकतात. मी गाठोडं दाखवलं.

"ठेव तितं," त्या म्हणाल्या. "पर आत्ता न्हाई व्हायचं रं. आदी ही उरकायची हाय. परवा गाडी येतीया."

गाडी सामान न्यायला येणार होती. चाची आणि त्यांचे मालक रशीदचाचा लेकीकडं, कवठे महांकाळला चालले होते. म्हणजे चाची चालल्या होत्या. चाचा दाराबाहेर बाजेवर पाठ करून पडले होते आणि त्यांनी जायला साफ नकार दिला होता.

"जावयानं दोनदा गाडी आणली," चाची हळू आवाजात म्हणाल्या. "दोनदा मोकळी गेली. म्हणत्यात, माझं गाव सोडून माळावर मराया येऊ व्हय? म्हणून म्या म्हनलं, गाव संगं नेऊ या. ही बग."

वाकळेवर माधवनगर होतं. मशीद, देऊळ, शुक्रवारचा बाजार भरतो ती पत्र्याची शेड, शाळेची कमान. हिरव्या साडीच्या तुकड्याचं कडुलिंबाचं झाड. सगळं फोटोवरून, शेजारच्या पोरींनी मोबाईलवर काढून दिलेलं. फक्त मधला चौकोन मोकळा होता. तिथं गिरणी यायची होती.

"त्येचा फोटूच न्हाई," त्या म्हणाल्या. "आता गेटाच्या जागी पत्रं मारल्यात. जुना फोटू एक हाय, चहावाल्याच्या भिंतीवर. त्यो काडून देत न्हाई."

बाहेरून चाचांचा आवाज आला. "त्यो कशाला दील? त्येला आमच्यापरास गिरणीचं प्रेम. चाळीस वर्सं उधारी लिवून घितली गिरणीवाल्यांची."

मी म्हटलं, काढून कशाला, मोबाईलनं फोटोचा फोटो काढू.

चहाच्या टपरीत फोटो धुरानं पिवळा झालेला होता, काच तडकलेली. पण दिसत होतं: मधे गेट, मागं करवतीच्या दात्यांसारखी छपरं, आणि डावीकडं उंच चिमणी. चहा दहा रुपये, आलं भरपूर. चहावाला म्हणाला, "रशीदभाई साचेखात्यात हुते, म्हंजी मागावर. लय गरम माणूस, पर हाताखालचा साचा कदी बंद न्हाई पडला. गिरणी बंद पडल्यावर येक वरीस रोज डबा घिऊन गेटाम्होरं बसायचे. आमी काय बोलायचं?"

मी मोबाईल काढून फोटोचा फोटो घेतला. मग झेरॉक्सच्या दुकानातून तो फोटो मोठा छापून आणला.

चाचींनी कात्रीनं फोटोच कापला. चिमणी वेगळी, छपरं वेगळी, गेट वेगळं. मग राखाडी कापड उलटं अंथरलं, त्यावर कागद फोटोतल्यासारखेच जुळवून ठेवले आणि सगळ्यांची मिळून खडूनं कड ओढली. खडू कापडाच्या मागच्या बाजूलाच मारायचा, म्हणजे पुढून दिसत नाही, असं त्यांच्या आईनं शिकवलेलं. मी कागद दाबून धरत होतो. लक्ष मात्र बाहेर होतं, कारण चाचा बाजेवरनं मला हाका मारत होते.

"साताऱ्याचा का रं तू? फौजेत न्हाई गेलास? तुमच्यात तर घरटी येक असतो."

"नाही गेलो चाचा. छाती कमी भरली."

"आन् डोस्कं?"

"ते कोणी मोजलं नाही."

ते हसले. चाची खडू ओढता-ओढता थांबल्या, त्यांनी दाराकडं बघितलं. "महिना झाला हसल्याला," एवढंच म्हणाल्या.

पुढचा दिवस मी सांगलीत भटकत काढला. आयर्विन पुलावर उभा राहिलो. खाली कृष्णा संथ, आणि काठाला पाण्यानं आणून टाकलेल्या चिंध्या झुडपांना अडकून वाळलेल्या, पुरात पाणी कुठवर आलं होतं ते दाखवत. सांगलीचा माणूस तिकडं बघतही नाही. भडंगाचे दोन पुडे घेतले आणि एक तिथंच संपवला. मन मात्र चाळीतच होतं.

गाडी येणार होती त्या सकाळी पोचलो तेव्हा छोटा हत्ती टेम्पो दारात उभा होता. जावई स्टोव्ह, हांडे, ट्रंक चढवत होता. लेक शबाना अंगण झाडत होती. ज्या घरातून आत्ता निघायचं ते का झाडायचं, मला कळलं नाही. चाची शेवटची कड शिवत होत्या. कड बंद करायच्या आधी त्यांनी भाकरीचा एक वाळका तुकडा आत सारला.

"उपाशी वाकळ ऊब देत न्हाई," त्या म्हणाल्या, आणि दोरा दातानं तोडला.

मग ती वाकळ त्यांनी स्वतः बाहेर नेली आणि चाचांच्या पायांवर पसरली. "घ्या तुमचं माधवनगर. आता उटा."

चाचांनी मशिदीवर हात फिरवला. बाजारच्या शेडवर बोट टेकवलं आणि तोंडातल्या तोंडात काही बोलले. मग हात मधल्या चौकोनावर आला आणि थांबला.

"ये क्या सिली गे?" आवाज एकदम चढला. "चिमणी हिकडं कुटं हाय? गेटातनं आत जाताना चिमणी डाव्या हाताला. हितं उजवीला काडलीस. ही कुटली गिरणी? ही माजी न्हाई."

मी वाकून बघितलं. खरंच, गिरणी उलटी झाली होती. कापड उलटं ठेवून कड ओढली, मग सुलटं करून लावलं, की डावं उजवीकडं जाणारच. देवळाला, कमानीला, पुलाला दोन्ही बाजू सारख्याच. म्हणून इतक्या वाकळांत कोणाच्या ध्यानात आलं नाही. चिमणी मात्र एकाच अंगाला असते. फोटो मीच दाबून धरला होता.

"मी येत न्हाई," चाचा म्हणाले. पाय आखडून घेऊन परत भिंतीकडं तोंड करून पडले. वाकळ अर्धी मातीत घसरली.

जावयानं हांडा खाली ठेवला. "झालं," तो पुटपुटला. "तिसऱ्यांदा."

शबाना म्हणाली, "अम्मी, तुला इतकी वर्सं कळलं न्हाई व्हय गं, चिमणी कुटल्या बाजूला हाय ती?"

चाची उंबऱ्यावर बसल्या. बोटाला गुंडाळलेला दोरा त्यांनी सोडवला. मग म्हणाल्या, "मला अशीच दिसायची की. मी गेटाला कवा गेले? डबा घिऊन पोरं जायाची. मी हितनंच, मागल्या दारातनं बघायची. चिमणीतनं धूर आला की म्हणायची, आता ह्ये कामाला लागलं. हितनं ती उजवीलाच हाय."

सगळ्यांनी वर बघितलं. चाळीच्या छपरावरून, मागच्या बाजूला, उरलेली अर्धी चिमणी दिसत होती. उजवीकडं.

चाचा हलले नाहीत. ड्रायव्हरनं एकदा हॉर्न वाजवला, जावयानं त्याला हातानं गप्प केलं. मी मातीतली वाकळ उचलून झटकली आणि घडी घालायला उलटी केली. मागची बाजू अख्ख्या पांढऱ्या मांजरपाटाची होती. गिरणीतच विणलेलं, सणाला कामगारांना मिळालेलं, ट्रंकेत राहिलेलं कापड. त्यावर लाल दोऱ्याचे नुसते टाके. रंग नाही, ठिगळ नाही. पुढच्या प्रत्येक आकाराच्या कडेनं गेलेला धावदोरा मागं उमटलेला.

"चाचा," मी म्हटलं, "हे बघता का?"

त्यांनी मान वळवली. मग कोपरावर उठले. लाल टाक्यांची गिरणी सुलटी होती. छपरांचे दाते, गेट, आणि डाव्या हाताला चिमणी.

त्यांनी बोट गेटावर ठेवलं. टाक्याटाक्यानं आत नेलं, दुसऱ्या दात्यापाशी थांबले. "हितं माजा साचा," ते म्हणाले. कोणाला म्हणाले माहीत नाही. मग पाय खाली सोडले आणि चपला शोधायला लागले. चाचींनी चपला सरकवल्या. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याकडं बघितलं नाही.

चाचा गाडीत पुढं बसले, वाकळ अंगावर घेऊन. पांढरी बाजू वर. चाचींनी दिवस-दिवस घालवून लावलेली मशीद, कडुलिंब, बाजार, सगळं आत, अंगाला लागून. चाची मागं हांड्यांमधे बसल्या, काकूंच्या गाठोड्याला टेकून.

मी मोटारसायकलवर मागोमाग गेलो. मिरजेच्या पुढं रस्ता उत्तम आहे, डोळे मिटून जाल. ऊस मागं पडतो, द्राक्षबागा आणि बेदाण्याच्या शेड लागतात, मग माळ. कवठे महांकाळला शबानाचं घर दोन खोल्यांचं. आत सामान लावल्यावर चालायलासुद्धा वाट उरली नाही. वाकळ पसरायला सबंध खोलीची मोकळी जमीन लागते. चाचींनी एकदा चहूकडं नजर फिरवली आणि मला कळलं. त्यांनाही ते तेव्हाच कळलं असावं.

जेवण झालं. बाजरीची भाकरी, आमटी, पेढे. चाचांची बाज बाहेर पत्र्याच्या सावलीत टाकली होती. समोर मोकळं रान आणि वारा. ते वाकळेवर हात ठेवून पडले होते, डोळे उघडे. लेकीनं विचारलं, "अब्बा, बरं वाटतंय का हितं?"

"धूर कुटंच दिसत न्हाई," ते म्हणाले.

निघताना चाचींनी गाठोडं परत माझ्या सीटवर बांधलं. "काकूला सांग, आता फोटूची वाकळ माज्याच्यानं न्हाई व्हायची. जागा न्हाई. आन्..." त्यांनी गाठ दोनदा आवळली.

साताऱ्याला पोचलो, अंग आंबून गेलं होतं. तुम्ही जाणार असाल तर हे सगळं तीन-चार दिवसांत आरामात होतं, पेट्रोल धरून तीनेक हजारांत. गणपतीचं देऊळ बघा, पुलावर संध्याकाळी थांबा. माधवनगरात मात्र बघण्यासारखं काही विचारू नका. आता तिथं चाळही नसेल.

काकूंनी गाठोडं सोडलं आणि साड्या एकेक करून बाजूला ठेवल्या. मी काय-काय झालं ते सांगत होतो, त्या ऐकत होत्या की नाही कोण जाणे. साड्यांच्या तळाशी एक तुकडा निघाला. काकूंच्याच जांभळ्या साडीतून कापलेला अजिंक्यतारा, पांढऱ्या कापडावर टाचण्यांनी लावलेला. मी तिकडं भाकरी खात होतो तेवढ्या वेळात चाचींनी तो कापला असणार. सपाट माथा, उतार, आणि एका अंगाला टीव्हीचा टॉवर. काकूंनी तो खिडकीशी नेला, बाहेरच्या खऱ्या डोंगरासमोर धरला.

"टॉवर बरुबर हाय की," त्या म्हणाल्या. "ज्या बाजूला हाय त्याच बाजूला."

मी तुकडा त्यांच्या हातातून घेतला आणि उलटा करून बघितला. मागची बाजू कोरी होती. अजून एकही टाका पडला नव्हता.