न पोचवलेला सांगावा

इतिहासाच्या सरांनी निबंध दिला होता, 'वसाहतीत बंड होण्यापूर्वीची परिस्थिती'. मी पुस्तकातून जमीन, कर, वेठबिगार असं सगळं उतरवलं. बाकावर शेजारी बसलेला हसला, "हे तर तुमच्या गावातलंच लिवलास की." जे ठाऊक होतं ते लिहायचं धाडस झालं नव्हतं. ते इथे लिहितो.

गावातल्या थोरल्या घरात कुणी वारलं, की पाहुण्यांना मौतीचा सांगावा आमच्या घरानं न्यायचा. आता सगळ्यांकडे फोन आहेत, पण फोनवर कळलेल्या मौतीला सोयरे येत नाहीत. माणूस दारात यावा लागतो. आजोबांनी जन्मभर हे केलं. ते गेले तेव्हा त्यांची तिरडी मात्र थोरल्या घरापुढून जाऊ दिली नाही. नाल्यातून न्यावी लागली. खांदा देताना माझी चप्पल चिखलात रुतली. ती मी तिथंच सोडली.

गेल्या उन्हाळ्यात थोरल्या घरचा म्हातारा वारला. सकाळीच त्याचा लेक मोटारसायकलवर आमच्या दारात आला. वडलांचा गुडघा सुजला होता.

"मग पोराला धाड. कालिजात जायलाय म्हणं. बसची पाटी तरी वाचता येती का न्हाई?"

"जाईल की अण्णा," वडील म्हणाले.

म्हाताऱ्याचे मेहुणे औरादकडचे, बिदरवरून जावं लागतं. मन्नाएखेळ्ळीच्या फाट्यावर बिदरची बस समोर उभी होती. ती मी जाऊ दिली आणि उलट्या दिशेला, हुमनाबादच्या बसमध्ये चढलो. तिथल्या स्टँडवर भजी खाल्ली, दुपारभर लॉऱ्या बघत बसलो. बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

मेहुणे आले नाहीत. संध्याकाळपर्यंत प्रेत ठेवलं, शेवटी त्यांच्याविनाच मातीला नेलं. म्हाताऱ्याची बायको प्रत्येक गाडीच्या आवाजाला मान वर करून भावांची वाट बघत होती, असं आईनं सांगितलं. मला तिची दया आली. पण नाला विसरण्याइतकी नाही.

दुसऱ्या दिवशी तो लेक पुन्हा दारात.

"गेला न्हाईस व्हय रे तू?"

"न्हाई गेलो."

"कामून?"

"चप्पल न्हाई. तुमच्या नाल्यात ऱ्हायली."

त्यानं वडलांकडे बघितलं. ते मला मारतील असं त्याला वाटलं असावं. मलाही वाटलं.

वडील भिंतीला धरून सावकाश उठले. "अण्णा, पुढल्या बारीला तुमीच जावा," ते म्हणाले. "माझा गुडघा आता बरा व्हायचा न्हाई."